शाहिराचे शब्द आणि कोर्टाचा कागद

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा बोलपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला आणि त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्यास लाभले. तथापि २०१५ च्या एप्रिलात तो आपल्याकडे प्रदर्शित झाल्यावर पुष्कळांनी तक्रार केली ती अशी की, यात काही घडतच नाही. आमच्या मते, त्यात जे घडते ते इतके आपल्या घरचे आहे की, घडत असता ते आपल्या ध्यानात येत नाही.

नारायण कांबळे हा मुलांना शिकविणारा, वस्त्यावस्त्यांतून गाणारा वृद्ध शाहीर. भर कार्यक्रमात पोलीस त्यास धरून नेतात. आरोप असा की, गटारे साफ करणाऱ्या कामगारांनी आत उतरून विषारी वायूने मरावे, अशा अर्थाचे गाणे त्याने म्हटले आणि दोन दिवसांनी वासुदेव पवार नामक कामगाराने त्याप्रमाणे प्राण दिला. ऐकून हसू येते. परंतु हास्यास्पद आरोप न्यायासनासमोर क्षणभरही टिकत नाही, हा आपला भाबडा समज आहे. येथे पोलिसांचा साक्षीदार पूर्वी इतर खटल्यांतही उभा राहिलेला निघतो; आजारी आईकडे लक्ष ठेवा, असे तुरुंगातून स्नेह्याने लिहिलेले पत्र सांकेतिक भाषेतील कट ठरू पाहते; आणि खटला तारखेमागून तारीख निवांत चालू राहतो.

या चित्रपटातील आम्हांस सर्वांत मोठा वाटलेला प्रसंग म्हणजे पवारच्या विधवेची साक्ष. गटारात उतरण्यापूर्वी तो खडा टाकून पाही. झुरळे वर आली म्हणजे आत हवा आहे असे समजावयाचे. वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता. दुर्गंधी सोसवेना म्हणून तो पिऊन उतरे. मरणाची भाषा त्याने कधी केली नव्हती. बाई हे कोणतेही अवसान न आणता सांगते. न्यायाधीश सदावर्ते ते आपल्या इंग्रजीत घोळवून टंकलेखकास सांगतात, आणि कागदावर एक नीटनेटकी साक्ष उरते. वास्तविक संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण त्या गुन्ह्याचा आरोपी या न्यायालयात कोणी शोधीत नाही. आरोपी आहे तो गाणारा.

मराठी शब्दांचा परक्या भाषेत न्यायनिवाडा मुंबईस नवा नाही. २४ जून १९०८ रोजी लोकमान्यांना सरदारगृहात अटक झाली ती 'केसरी'तील लेखांवरून, आणि न्यायालयात ते लेख गेले ते भाषांतराच्या वेषाने. शब्दांच्या छटा बदलल्या आहेत, हा टिळकांचा मोठा आक्षेप होता. ज्यूरीतील सात युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले, दोघा पारशांनी निर्दोष. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ साली जामिनाच्या कामी टिळकांचेच बॅरिस्टर होते. निकालानंतर गिरणगावातील कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेपायी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. ज्यांच्या हाती 'केसरी' क्वचितच पडत असेल, त्यांना त्या भाषांतराची लबाडी बरोबर उमगली होती! त्याच परळ-लालबागने पुढे अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे लालबावटा कलापथक डोक्यावर घेतले. कांबळे या कुळातलाच आहे.

परंतु १९०८ साली राज्यकर्ता परका होता. 'कोर्ट'मध्ये तसे मानण्याची सोय नाही. सरकारी वकील नूतनबाई खलनायिका नाहीत. त्या लोकलने घरी जातात, मुलाला घेऊन येतात, मधुमेही नवऱ्याच्या पथ्याचा विचार करीत स्वयंपाक करतात. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब एका मराठी नाटकास जातात. त्यात परप्रांतीय जावई नको म्हणून बाप त्याला घराबाहेर हाकलतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. साहित्य संघात वा शिवाजी मंदिरात ज्यांच्या सुट्ट्या रमल्या आहेत, त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. शेजाऱ्याविषयी तिरस्कार शिकविणाऱ्या त्या शब्दांवर खटला नाही. दरिद्री माणसाच्या मरणावर गाणाऱ्यावर मात्र आहे. दिग्दर्शकाने ही तुलना कोठेही बोलून दाखविली नाही, हे त्याचे मोठे सामर्थ्य. त्या मानाने, बचावाचे वकील व्होरा यांच्यावर एका पंथाच्या भाविकांनी केलेला हल्ला उपरा वाटतो. 

या खटल्यात उच्चारला जाणारा १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा २०१८ साली रद्द झाला. टिळकांवर चाललेले राजद्रोहाचे कलमही दंडसंहितेबरोबर १ जुलै २०२४ रोजी गेले. मात्र नव्या संहितेच्या १५२ व्या कलमात त्याचे पुष्कळसे रक्त उतरले आहे. ज्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कांबळेला चित्रपटात दुसऱ्यांदा पकडतात, तो कायम आहे.

ते दुसरे अरिष्ट ओढवते तेव्हा न्यायालयाची उन्हाळी सुट्टी तोंडावर आलेली असते. हायकोर्टात जा, असे सांगून न्यायाधीश उठतात. दालन रिकामे होते, दिवे एकेक मालवतात, आणि कॅमेरा अंधारात तसाच उभा राहतो. येथेच चित्रपट संपावा, असे कित्येकांस वाटले. आम्हांस वाटत नाही. पुढे सदावर्ते सहकुटुंब सहलीस जातात, बाकावर त्यांचा डोळा लागतो, पोरे ओरडून त्यांना जागे करतात, आणि ते हाती सापडलेल्या एका पोराला थप्पड मारतात. ओरडले सगळेच होते.