खूण न ठेवणारा हात

पहिली वीस-पंचवीस मिनिटं त्यानं पेचकसाला हात लावला नाही.

मे महिना, यवतमाळ, दुपारचे साडेअकरा. दत्त चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका जिन्याखाली मावेल एवढं दुकान. टेबलावर माझ्या मेव्हण्याच्या जिनिंगमधला ऑल-इन-वन संगणक, म्हणजे ज्याचा पडदा हाच देह. आपल्याकडे टेबलाखालच्या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात. ती पेटी पाहायची सवय झालेली माणसं जिनिंगच्या ऑफिसात येत आणि हमखास विचारत, “याचा सीपीयू कुठं ठेवला जी?” तो असतो पडद्याच्या पाठीशी, तीन-चार बोटांच्या जागेत, बाकी सगळ्या गोतावळ्यासकट. दोन हंगाम हे यंत्र सुस्तावलं होतं. सकाळी बटण दाबून चहा ठेवावा, तो उकळून, गाळून, पिऊन व्हावा, तेव्हा कुठं पडद्यावरचा बाण हलू लागे. बाहेर काट्यावर कापसाचा ट्रॅक्टर उभा आणि आत पावती निघत नाही, हा देखावा हंगामात रोजचाच.

बाजारातला ठरलेला इलाज मला ठाऊक होता: फॉरमॅट मारा, विंडोज टाका, पाचशे घ्या. हा तिशीतला कारागीर मात्र यंत्र चालू करून नुसता कान देऊन बसला. हार्ड डिस्कला आवाज असतो. तबकडीची अखंड घरघर आणि तिच्यावर सुईगत फिरणाऱ्या हाताची टकटक. टकटक एकसारखी, दमलेली असेल तर गोष्ट वेगळी. थांबून थांबून, हिसक्यानं येत असेल तर वेगळी. ऐकून झाल्यावर त्यानं डिस्कची आतली नोंदवही पडद्यावर उघडली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतः ठेवते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? त्यानं दोनच ओळींवर बोट ठेवलं. ‘05’ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कनं स्वतःच बाजूला टाकून दुसरीकडे हलवलेल्या जागा. तिथं 8 आकडा होता. ‘सी 5’ म्हणजे वाचता येईल की नाही अशा संशयातल्या जागा, तिथं शून्य. “मेली नाही काका, थकली हाय. डेटा निघते पूर्ण.” नाडीवरचं बोट उचलून वैद्यानं बोलावं, तसं.

आमचं यंत्र का रखडत होतं, हे समजावताना त्यानं आकडे सांगितले. उपमा मला सुचली. ही डिस्क मिनिटाला 5,400 फेरे मारते, म्हणजे सेकंदाला 90. एका फेऱ्याला अकरा-एक मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हात सरकवण्याचा वेळ वेगळा. संगणक सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली मागतो आणि दर वेळी थांबतो. डिस्कच्या जागी बसवायच्या नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथं हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात होतं. यवतमाळकराला हे पटवायला शकुंतला पुरते. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची गाडी होती. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं जोडलं, पण रूळ तेच राहिले, म्हणून चालही तीच राहिली. इथं उलटं करायचं होतं. इंजिन चांगलं होतं, रूळ बदलायचे होते.

पुढचा निर्णय मला सगळ्या कामाचा कळस वाटतो, आणि तो यंत्र उघडण्याआधीच घेतलेला आहे. त्यानं नवी एसएसडी एका यूएसबी केबलला लावून बाहेरच ठेवली आणि जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, त्याच्या भाषेत ‘क्लोन’, यंत्र न उघडताच सुरू केली. “आधी डेटा उचलून घेऊ, मंग पोट फाडू.” उतावळा माणूस आधी उघडतो आणि मग नक्कल बिघडली की उघडं पोट घेऊन बसतो. जुनी डिस्क 1 टेराबाइटची, नवी 500 जीबीची; भरलेला माल मात्र 140 जीबीच. मोठ्या कोठीतला माल लहान कोठीत भरताना एक बारीक पेच येतो. विंडोज आपल्या सी ड्राइव्हच्या पाठोपाठ दुरुस्तीसाठीचा एक चिमुकला कप्पा ठेवते. तो जिथल्या तिथं नकलला की सी ड्राइव्हच्या वाढीला तो आडवा येतो आणि पुढची जागा ओसाड पडते. त्यानं तो कप्पा आधीच टोकाला सरकवून ठेवला, आणि पहिला विभाग बरोबर 1 एमबीच्या रेषेवर सुरू होतो आहे ना, हे पाहून घेतलं. ती रेष चुकली तरी यंत्र चालतंच, गिऱ्हाइकाला जन्मात कळत नाही. फक्त एसएसडीला एका लिखाणाच्या जागी दोन लिखाणं करावी लागतात. जे कुणी तपासणार नाही ते सरळ ठेवणं, हे मी पैठणीच्या मागच्या बाजूला पाहिलं होतं. आता इथं पाहिलं.

नकलेला तासभर लागला. तेवढ्यात चहा झाला.

मग उघडणं. आधी अडॅप्टरची पिन काढली आणि वीज नसतानाही चालूचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं; आत साठलेला उरलासुरला भार त्यानं निघून जातो. टेबलावर जुनी चादर चौघडी करून अंथरली, पडदा तीवर पालथा निजवला. मग त्यानं कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं. बंद केला नाही, फिरवला. यात किती विचार आहे पाहा. समोरून येणारा वारा धूळ आणि पाण्याचे बारीक कण सर्किटवर टाकेल, म्हणून तो नको. पण कूलर बंद केला तर मे महिन्यातली आमची हवा अशी कोरडी होते, की सदरा काढताना ठिणग्या उडाव्यात. ही स्थिर वीज आपल्या बोटाला जाणवते तीच मुळी सुमारे 3,000 व्होल्टला. चिपला इजा व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरते. खोलीतला ओलावा ठेवायचा, झोत टाळायचा. शिवाय मनगटाला अर्थिंगचा पट्टा. त्या पट्ट्याच्या तारेत मुद्दाम 1 मेगाओमचा अडथळा बसवलेला असतो: अंगातला भार हळूच जमिनीत जावा, पण चुकून हात जिवंत तारेला लागला तर माणूसच जमिनीला जोडला जाऊ नये. यंत्राची काळजी घेणाऱ्या पट्ट्यात माणसाची ही काळजी कुणीतरी ओवून ठेवली आहे.

पाठीचं झाकण दोन दिसणाऱ्या स्क्रूंवर आणि न दिसणाऱ्या वीसेक खिट्ट्यांवर बसलेलं होतं. खिट्टी म्हणजे प्लास्टिकची लवचीक जीभ, टोकाला आकडा. ती सरळ ओढली तर तुटते, आडवी ढकलली तर सुटते. आणि उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. त्यानं पोलादी पात्याऐवजी एटीएमचं जुनं कार्ड घेतलं, खालच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या जाळीजवळ सारलं. सुरुवात तिथंच का? कारण तिथं जाळीमुळे कड मुळातच पातळ, आणि ओरखडा उठलाच तरी तो टेबलाकडे तोंड करून राहणार. एक ‘टक्’. कार्ड तिथंच ठेवून दुसरं कार्ड पुढं. सुटलेली खिट्टी परत बसू नये म्हणून पहिलं काढायचं नाही. टक्, टक्, मध्येच एक थांबा, मग परत टक्. ज्या थांब्यावर मी श्वास धरला, तिथं त्यानं जोर वाढवण्याऐवजी कार्ड मागं घेतलं, दोन बोटं अलीकडे सारलं आणि कोन बदलला. एकही खिट्टी तुटली नाही.

इथं मला एक कुरकुर नोंदवायची आहे, कारागिराबद्दल नव्हे, यंत्रं रचणाऱ्यांबद्दल. ऑल-इन-वनला लोकप्रिय करणारा ॲपलचा आयमॅक 1998 साली आला. 2009 ते 2011च्या आयमॅकची पुढची काच चुंबकांवर बसलेली असे. रबरी चोषकानं अलगद उचलली की निघत असे. 2012 साली त्याची कड 5 मिलिमीटर इतकी पातळ केली आणि काच पडद्यासकट चिकटपट्टीनं डकवली. ती उघडायला पिझ्झा कापतात तसलं चाक कडेनं फिरवून पट्टी चिरावी लागते, आणि बंद करायला दर वेळी नवी पट्टी. दिसायला देखणी रचना आहे, मी नाकारत नाही. पण खिट्टी उघडते तशी मिटतेही. चिरलेली पट्टी पुन्हा लागत नाही. माझा कौल खिट्टीला.

झाकण उचललं आणि आत कापूस! अतिशयोक्ती नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना उडालेले तंतू पंख्याच्या पात्यांवर, जाळीवर, तांब्याच्या नळीवर पांढऱ्या मऊ थरानं बसले होते, जणू कुणी गोधडी पांघरावी. आता त्या जुन्या डिस्कचं पाहा. तिच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं आणि शेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचना छापलेली. आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून डिस्क त्या भोकातून श्वास घेते; आतल्या बाजूला गाळणी. वाचणारं टोक तबकडीवरून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. कापसाचा एक तंतू दहा-वीस मायक्रॉन जाड, म्हणजे त्या फटीच्या हजारो पट. तो आत गेला असता तर रस्त्यात डोंगर. तरीही या डिस्कनं इतके हंगाम कापसात काढले. त्यानं तीच डिस्क हातात घेतली, बोटाच्या टोकानं भोकावरचा तंतू अलगद टिपला आणि म्हणाला, “लय सोसलं इनं.” काढून टाकायच्या वस्तूबद्दल ही आदबीची भाषा मला फार आवडली.

एक उणं मात्र सांगायलाच हवं. ब्लोअर मारताना त्यानं पंख्याचं पातं बोटानं अडवलं नाही. झोतानं पंखा भलत्याच वेगानं भणाणला. त्यानं बेअरिंग झिजतं, आणि फिरता पंखा उलट वीजही तयार करतो. बाकी इतक्या नेमक्या मैफलीत हा एक सूर घसरलेला.

डिस्क बदलणं हा खरं तर सगळ्यांत छोटा भाग. पत्र्याचं खोकं, चार स्क्रू, आणि स्क्रूभोवती चार रबरी कड्या. जुनी डिस्क फिरते, थरथरते. ती थरथर यंत्राच्या अंगात उतरू नये म्हणून ही रबरं. एसएसडी थरथरत नाही. मग रबरं कशाला? मी विचारलंही. त्यानं उत्तर न देता रबराविना खोकं बसवून दाखवलं: जोडणीचं तोंड केसभर खाली राहिलं. रबर गेलं की उंचीही जाते. चारही कड्या त्यानं पुसून परत लावल्या. मग जोडणी सरकवली. सॅटाचं ते तोंड जवळून पाहण्यासारखं असतं. माहितीच्या सात पट्ट्या, विजेच्या पंधरा, दोन्हींच्या टोकाला इंग्रजी एल अक्षराची आडवी खाच, म्हणजे उलटं बसणारच नाही. आणि नीट पाहिलं तर अर्थिंगच्या काही पट्ट्या बाकीच्यांपेक्षा किंचित लांब: जोडताना आधी जमीन भेटावी, मग वीज. बाहेर पट्टा बांधून त्यानं जे केलं, तेच आत रचनाकारानं करून ठेवलेलं.

झाकण मिटताना खिट्ट्या उलट क्रमानं बसल्या. वाटीत नऊ स्क्रू काढले होते, वाटी रिकामी झाली. बटण. विसाव्या सेकंदाला पडदा उभा, आणि त्यावर तेच कपाशीच्या बोंडाचं चित्र, त्याच वाकड्यातिकड्या रांगेत तेच चिन्हांचे ठोकळे, कोपऱ्यात ‘पावती नवीन 2’ नावाची तीच फाइल. काही घडलंच नाही असं वाटावं, एवढं सगळं घडलं होतं. विंडोज एसएसडीला रिकाम्या झालेल्या जागा कळवते आहे ना, हे त्यानं एका ओळीची आज्ञा लिहून तपासलं. उत्तर शून्य आलं, म्हणजे सुरू आहे.

मेव्हण्याची नजर मात्र भलतीकडे. “500 सांगितले, 465च दाखवते. पस्तीसची तूट?” कापसाचा व्यापारी तूट पाहणारच. कारागीर गोंधळला नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1,024च्या पटीत. माल तेवढाच, माप वेगळं. “तुमचा कापूस क्विंटलात येते, अन् रुई खंडीत जाते, तसं हाय भाऊ.” खंडी म्हणजे 356 किलो, हे मेव्हण्याला झोपेतही ठाऊक. तो गप्प झाला आणि पाकीट काढलं.

निघताना त्यानं जुनी डिस्क चंदेरी पिशवीत घालून, वर तारीख आणि ‘चालू’ एवढाच शब्द लिहून हातात दिली. तिच्यात दोन हंगामांच्या पावत्या आहेत, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आहेत, आणि नक्कल केल्यानं मूळ पुसलं जात नाही. तुम्ही हे काम कुठंही करून घ्या, पण जुनी डिस्क दुकानात ठेवून येऊ नका.