सॅक्सोफोनची मैफल आणि आपल्या बंद फिती

वाशीम जिल्ह्यात सॅक्सोफोन अनोळखी नाही. लग्नसराईत रिसोड-मालेगावकडे वरातीपुढे चालणाऱ्या बँडमध्ये तो अजूनही दिसतो, आणि हिंदी सिनेमानं तर तो घरोघरी पोचवला. मनोहारी सिंग यांनी ‘आराधना’साठी (१९६९) वाजवलेले तुकडे वाद्याचं नावही ठाऊक नसणाऱ्यांना पाठ आहेत. पण ही सगळी ओळख तुकड्यांचीच. गायक थांबला की जेवढी जागा मिळेल तेवढ्यात बोलायचं आणि बाजूला व्हायचं. हेच वाद्य पंधरा-वीस मिनिटं सलग बोलू लागलं तर कुठवर जातं, ते कळायला जॅझची मैफल ऐकावी लागते. ती आमच्याकडे होत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, पण त्यावरून अजून कुठला जॅझवाला इथे उतरलेला नाही. म्हणून इथल्या श्रोत्याला मैफलीचं ध्वनिमुद्रण हाच एक रस्ता उरतो. त्या रस्त्याची आजची अवस्था सांगायची तर, परदेशातला साठा दर काही वर्षांनी वाढतो आहे आणि आपला बहुतेक बंद पडून आहे.

स्टुडिओतलं ऐकलं तर पुरत नाही का? नाही पुरत. बैठकीतले भीमसेन आणि तीन मिनिटांच्या तबकडीतला राग यांत काय फरक असतो, ते मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको. जॅझचंही तसंच आहे. ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला पॉल गोन्साल्व्हिस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे आला आणि बारा मापांच्या ब्लूजची सत्तावीस आवर्तनं त्यानं एका दमात वाजवली. तालाची सवय असलेल्या कानाला हे अवघड नाही. चार-चार मात्रांची बारा मापं मोजत गेलं की सम आपोआप सापडते. पहिल्या काही आवर्तनांत श्रोते गप्प आहेत. मग कुणीतरी ओरडतं, टाळ्या सुरू होतात, एलिंग्टन स्वतः हाका मारून वादकाला पुढे रेटतो. शेवटच्या आवर्तनांत गर्दीचा गलका वाद्याइतकाच मोठा झालेला आहे. गोन्साल्व्हिसचे स्वर काही फार अनोखे नाहीत, पण थांबायचं नाही हा त्याचा निर्धार आणि समोरच्या माणसांनी त्याला दिलेलं बळ, दोन्ही फितीवर उतरलं आहे. कुठल्याही स्टुडिओत हे घडलं नसतं.

याच ध्वनिमुद्रणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या रात्री गोन्साल्व्हिस दुसऱ्याच, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला होता, त्यामुळे मूळ तबकडीत त्याचा आवाज लांबून येतो. शिवाय त्या तबकडीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्याला टाळ्या चिकटवलेल्या होत्या. १९९९ मध्ये दोन्ही फिती जुळवून नवी आवृत्ती निघाली, तेव्हा कुठे ती रात्र नीट ऐकू आली. ऐकायची तर तीच आवृत्ती ऐकावी.

महोत्सवाच्या अगदी उलट, न्यूयॉर्कमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड हे तळघरातलं लहानसं ठिकाण. सव्वाशेच्या आसपास माणसं मावतात. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सनं तिथे पियानो न घेता, फक्त बास आणि ड्रमच्या साथीवर वाजवलं. आधाराला पियानो नसल्यामुळे रागसंगीत ऐकणाऱ्याला ही मैफल सर्वांत जवळची वाटेल, असं माझं मत आहे. तिथेच १९६१ च्या नोव्हेंबरात जॉन कोल्ट्रेननं ‘चेसिन द ट्रेन’ हा सोळा मिनिटांचा ब्लूज वाजवला. त्याच महिन्यात ‘डाऊनबीट’ नियतकालिकात त्याच्या संगीताला जॅझविरोधी ठरवलं गेलं. आज ऐकताना त्या टीकेचं नवल वाटतं. याच कोल्ट्रेनला रविशंकरांबद्दल इतका आदर होता की मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं.

कोल्ट्रेन १९६७ मध्ये गेला, पण त्याच्या मैफली अजून निघताहेत. पियानोवादक थेलोनियस मंकबरोबरची १९५७ ची कार्नेगी हॉलमधली मैफल २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या फितींत सापडली. सिएटलची १९६५ ची मैफल २०२१ मध्ये आली, व्हिलेज गेटची १९६१ ची २०२३ मध्ये. कुणीतरी फिती नावं-तारखा घालून सांभाळल्या म्हणूनच हे होऊ शकलं.

मुंबईचं काय? १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून या शहरात जॅझ रुजला. रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी तो वाढवला. रूडी कॉटन हे पारशी सॅक्सोफोनवादक, ब्राझ गोन्साल्विस हे गोव्याचे. १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकारानं ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स इथे वाजवून गेला. त्याआधी हाच माणूस पवईच्या आश्रमात काही महिने राहिलेला होता. १९८० च्या यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडीबरोबर मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ उभे राहिले आणि कर्नाटक संगीतातल्या सॅक्सोफोनची ओळख मोठी झाली. गोपालनाथांच्या मैफली आज मुबलक ऐकायला मिळतात, कारण दक्षिणेत सभा ध्वनिमुद्रित करून त्या प्रकाशित करण्याची रीत आहे. ब्राझ गोन्साल्विस मुंबईच्या रंगभवनात कसे वाजवत, हे मात्र तेव्हा तिथे असलेल्यांच्या आठवणींवरच सोडून द्यावं लागतं. जे हाती लागतात ते सुटे तुकडे असतात. त्यावर तारीख नाही, साथीदारांची नावं नाहीत. महाराष्ट्रातल्या सॅक्सोफोनच्या इतिहासाची ही मोठी हानी आहे.

आणि मुंबईला बोल लावून आपण सुटत नाही. बँडमधला सॅक्सोफोनवाला पाहा. गळ्यात पट्टा, तोंडात वाद्याची ओली केलेली पत्ती, पाठीशी जनरेटरची घरघर. वरात चौकात थांबली आणि नाचणारे दमले की तो गाण्याचा मुखडा सोडून दोन-चार फिरक्या स्वतःच्या घेतो. जॅझवाले ज्याला सोलो म्हणतात, त्याची सुरुवात इथूनच होते. फोनवर चित्रण होतं ते नाचाचं, वाद्य त्यात दबून जातं. डीजेनं बँडच्या सुपाऱ्या खाल्ल्या, त्यामुळे हे वादकही किती वर्षं टिकतील सांगता येत नाही.

ज्या संस्थांकडे, आकाशवाणी-दूरदर्शनकडे किंवा कुणा रसिकाच्या कपाटात जॅझ मैफलींच्या फिती असतील, त्यांनी त्या वादकांच्या नावांसह आणि तारखांसह प्रसिद्ध कराव्यात. चुंबकीय फीत दमट हवेत खराब होते, त्यामुळे वेळ थोडा आहे. आणि वाशीम-अकोल्याकडच्या वाचकांना सांगणं एवढंच, की येत्या लग्नसराईत एखाद्या बँडच्या सॅक्सोफोनवाल्याला वरात नसलेल्या दुपारी बोलवा, त्याची बिदागी द्या, खिडक्या बंद करून फोन त्याच्यापासून चार हातांवर ठेवा आणि अर्धा तास त्याला हवं ते वाजवू द्या. फाइलला त्याचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.