डोमेन नावांचे कॅशिंग : वेग आणि मुदत यांची चिकित्सा

पॉल मोकापेट्रिस यांच्या आरएफसी १०३४ व १०३५ (१९८७) या दस्तऐवजांत प्रत्येक नोंदीसोबत ‘टीटीएल’, म्हणजे सेकंदांत मोजलेली वैधतेची मुदत, येते. ती नोंदीच्या मालकाने ठरवावी व साठवणाऱ्याने पाळावी, असा हा अलिखित नव्हे, तर लिखित करार आहे.

सर्व्हरवरील प्रोग्राम एकाच सेवेकडे वारंवार विनंती करीत असेल, तर दर वेळी नावाचा पत्ता नव्याने शोधणे हा अपव्ययच होय. नोड.जेएसचा नेहमीचा नावशोध स्वतः काही साठवीत नाही. तो मूलतः ४ थ्रेडच्या सामाईक संचातून जातो. शोध रेंगाळले की फाइलवाचनही खोळंबते. म्हणून कॅशिंगची मागणी रास्त ठरते.

आक्षेप आहे तो कॅशिंगच्या जागेविषयी. बहुतेक प्रोग्राम ज्या ‘गेटअॅड्रइन्फो’ फंक्शनवर विसंबतात, ते पत्ता देते. मुदत सांगत नाही. परिणामी प्रोग्रामला मुदत अंदाजानेच ठरवावी लागते. जावामध्ये सिक्युरिटी मॅनेजर कार्यरत असता यशस्वी नोंद कायम जपण्याचे मूलधोरण होते. बनावट नोंदींपासून संरक्षण हा त्यामागील हेतू समर्थनीय असला, तरी सेवेचा पत्ता बदलल्यावरही प्रोग्राम जुन्याच दारी जात राही. आरएफसी ८७६७ (२०२०) मुदतबाह्य नोंद वापरू देते, पण नवी नोंद मिळू न शकल्यासच.

तात्पर्य, कॅशिंग तेथेच व्हावे जेथे मुदत ज्ञात आहे : त्याच यंत्रावरील ‘अनबाउंड’सारख्या रिझॉल्व्हरमध्ये. मुदतीचे भान हरपलेला वेग अखेर चुकीच्या पत्त्यावरच लवकर पोहोचवतो.