'एकच प्याला': नियतीचा बळी की अहंकाराचा?

ग्रीक शोकात्मिकेतील नायकाचा नाश नियतीमुळे होतो की अहंकारामुळे, हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि 'दोहोंमुळे' हे सोयीचे उत्तर लिहिले जाते. वस्तुतः अॅरिस्टॉटलने कारण सांगितले ते 'हमार्शिया' म्हणजे प्रमाद. उन्मत्त अहंकाराला त्याच्या विवेचनात ते स्थान नाही. इडिपसचा पितृवध अजाणता घडलेला आहे. देववाणीने तो आधीच वर्तविला होता. मात्र जोकास्टा विनवीत असतानाही सत्याचा शोध तो स्वतःच पुढे रेटतो, डोळेही स्वतःच फोडून घेतो.

ही कसोटी राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'ला लावून पाहण्याजोगी आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्येच हे नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या सिंधूने ते अजरामर केले. (याच बालगंधर्वांचे बालपणीचे काही संगीतशिक्षण जळगावात झाले, हे खान्देशी वाचकाला सांगावयास नकोच.) सिंधूच्या अश्रूंमुळे सुधाकराकडे समीक्षेचे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हटले की तळीराम खलनायक ठरतो आणि सुधाकर केवळ बळी उरतो.

परंतु घटनाक्रम पाहावा. सुधाकर हा स्वकष्टाने वर आलेला, बुद्धिमान आणि कमालीचा मानी वकील. भर न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, आणि तो अपमान विसरण्यासाठी पहिला प्याला ओठी लागतो. तळीराम प्याला पुढे करतो एवढेच. तहान अगोदरचीच आहे, दुखावलेल्या अभिमानाची. माहेरची मदत न घेण्याच्या शपथेत सिंधूला बांधणाराही हाच अभिमान होय. दारू सोडल्यावर कामासाठी दारोदार फिरताना जुने स्नेही त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा पतनाआधी अपमान आहे.

इडिपसहून तो वेगळा ठरतो तो येथे. इडिपसला आपण कोण हे ठाऊक नव्हते. दारूड्याच्या अधोगतीचे टप्पे सुधाकर स्वतःच रामलालला समजावून सांगतो. एकदा शिरलेली दारू देववाणीसारखी अटळ होते हे खरे, पण या नियतीला दार उघडले कोणी? गडकऱ्यांनी आर्यमदिरामंडळाच्या विनोदात या प्रश्नाची धार काहीशी बोथट केली, हा नाटकाचा दोष मानावाच लागेल.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी तर एका कवितेत ज्योतिष्याला दारातूनच परत पाठविले आहे. वैधव्यातही नशिबाला कौल न मागणाऱ्या या मातीत सुधाकरासाठी मात्र 'दैवदुर्विलास' हा शब्द उत्तरपत्रिकांतून सर्रास येतो, याचे आश्चर्य वाटते.

अखेरीस मरणोन्मुख सिंधू पतीला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते. त्या क्षणी सुधाकरापाशी मिरविण्याजोगा मान उरलेला नसतो. तो दारूतच विष कालवून घेतो, आणि हा प्याला मात्र त्याच्या हाती तळीरामाने दिलेला नसतो.