प्राथमिक स्तरावरील इंग्रजी अध्यापनात खेळांची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये जून २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. तत्पूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. ग्रामीण व गरीब कुटुंबांतील मुलांनाही इंग्रजीची संधी लवकर मिळावी, हा समतेचा विचार या निर्णयामागे होता. सहा वर्षांच्या मुलास व्याकरणाचे नियम सांगून उपयोग नसतो. म्हणून गाणी, कृती आणि खेळ ही अध्यापनाची प्रमुख साधने ठरली. ‘खेळातून इंग्रजी’ हे तत्त्व आज सहसा कोणी नाकारीत नाही. परंतु कोणता खेळ, कोणासाठी आणि कशासाठी, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सैद्धांतिक आधार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत शिक्षक आज्ञा देतो व विद्यार्थी कृतीने प्रतिसाद देतो. मूल बोलण्याआधी ऐकून समजते, हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. आपल्याकडील एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत केलेल्या प्रयोगाने याच्या पुढचा मुद्दा मांडला. लक्ष भाषेवर नसून अर्थावर असेल, तेव्हा भाषा अधिक चांगली आत्मसात होते, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी माहितीची, तर्काची आणि मताची अशा तीन प्रकारच्या ‘दरी’ सांगितल्या. एकाजवळ आहे ते दुसऱ्याजवळ नाही, म्हणून बोलणे भाग पडते. या दृष्टीने पाहिल्यास खेळाचे मोल त्यातील गंमतीवर ठरत नाही. त्यात भाषेची गरज किती निर्माण होते, यावर ठरते.

शेंद्रा परिसर आणि वर्गाचे वास्तव

छत्रपती संभाजीनगरजवळील (पूर्वीचे औरंगाबाद) शेंदऱ्याची औद्योगिक वसाहत वाढली, तशी परप्रांतीय कामगारांची कुटुंबेही येथे स्थिरावली. परिणामी एकाच वर्गात मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या घरभाषांची मुले बसतात. पालकांना इंग्रजीची ओढ आहे. मात्र घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. ज्यांना परवडते ते इंग्रजी माध्यमाकडे वळतात. उरलेल्यांसाठी शाळेतील तासिका हीच काय ती इंग्रजी.

या परिसरातील एका वर्गात ‘शिवाजी म्हणतो’ हा परिचित खेळ इंग्रजी आज्ञांसह घेतला जात असताना पाहण्याचा योग आला. वर्ग आनंदात होता. दुसऱ्याच आज्ञेला एक मुलगी चुकली, ‘आउट’ झाली आणि भिंतीशी जाऊन बसली. शेवटपर्यंत टिकलेली तीन मुले आधीपासूनच चांगले इंग्रजी समजणारी होती. ज्या मुलीला त्या आज्ञा पुन्हा पुन्हा ऐकण्याची सर्वाधिक गरज होती, तिलाच खेळाने सर्वांत कमी संधी दिली. समतेसाठी आणलेल्या विषयात विषमता अशी नकळत शिरते.

निवडीचे निकष

या निरीक्षणावरून काही निकष सुचवावेसे वाटतात.

पहिला, कोणतेही मूल खेळाबाहेर जाऊ नये. चुकणाऱ्यास बाद न करता सर्व गटाला मिळून गुण द्यावेत, म्हणजे तो खेळत राहतो आणि सोबती त्याला मदत करतात.

दुसरा, प्रत्येक मुलाच्या वाट्याला किती भाषा येते, हे पाहावे. ‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळात एक मूल धावते व बाकीची बसून राहतात. तो इंग्रजीत घेतला तरी वाक्ये मोजकीच येतात. याउलट जोडीतील दोघांना थोडीशी वेगळी चित्रे देऊन फरक शोधायला सांगितले, तर चाळीसच्या वर्गातही वीस जणांना एकाच वेळी बोलता येते.

तिसरा, अनुकरणाने खेळ निभावता येऊ नये. आज्ञा न समजताही शेजाऱ्याकडे पाहून हात वर करता येतो. डोळे मिटून कृती करावयास सांगितल्यास मुलाला काय समजले, हे शिक्षकाला कळते.

चौथा, खेळाची भाषा शिक्षकाच्या आवाक्यातील असावी. मोठे नियम इंग्रजीतून सांगण्यात तासिका संपविण्यापेक्षा ते मराठीतून सांगावेत व खेळातील आठ-दहा वाक्ये मात्र इंग्रजीतच ठेवावीत. बहुभाषिक वर्गात एखाद्या मुलाने ते नियम हिंदीतून समजावून दिले, तर त्यातही काही वावगे नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. स्पर्धा काढून टाकली तर खेळातील रंगत जाईल, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. हार-जितीशिवाय मुले लवकर कंटाळतात. तथापि स्पर्धा आणि बाद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गटागटांत किंवा घड्याळाशी स्पर्धा ठेवता येते आणि सर्वांना खेळातही ठेवता येते.

निष्कर्ष

गोंगाट, हशा व धावपळ ही खेळ रंगल्याची लक्षणे होत; भाषा शिकल्याची नव्हेत. शिक्षक-प्रशिक्षणात खेळांच्या याद्या पुष्कळ दिल्या जातात, पण खेळ तपासण्याची दृष्टी क्वचितच दिली जाते. अध्यापक महाविद्यालयांनी पाठनियोजनात एका साध्या प्रश्नाला स्थान द्यावे : या खेळात वर्गातील सर्वांत मागे असलेले मूल किती वेळा इंग्रजी ऐकेल आणि किती वेळा बोलेल? भिंतीशी बसलेल्या त्या मुलीच्या बाजूने खेळाकडे पाहिले, तरच जून २००० च्या निर्णयामागील हेतू सफल होईल.