कागदाच्या पाठीची गिटार

गिटारच्या नादाविषयी बोलणे सुरू झाले की ते फार लवकर लाकडांच्या नावांवर येऊन थांबते. शिसवीची गिटार घनगंभीर, महोगनीची मऊ, मेपलची तल्लख, अशी एक ठरावीक विशेषणमाला वादक, विक्रेते आणि स्वतःस जाणकार म्हणविणारे एकमेकांस ऐकवीत असतात. आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांत गिटार आता नवलाईची राहिलेली नाही. घरातील मुलाने वा मुलीने ती मागितली की वडीलधारी मंडळी दुकानात जातात आणि तेथे हीच विशेषणे किमतीच्या चिठ्ठीसह त्यांच्यापुढे ठेवली जातात. म्हणून या मतांची जरा कसून पारख करावी, असे आम्हांस वाटले. हा केवळ रसिकतेचा प्रश्न नव्हे. त्यात घरातल्या पैशाचा आणि सह्याद्रीतल्या झाडांचाही संबंध आहे.

प्रथम वाद कशाविषयी आहे ते पाहू. आपल्या संगीतशास्त्रात ज्यास 'नादाची जात' म्हणतात, ज्यामुळे एकाच उंचीचा स्वर सनईचा की बासरीचा हे डोळे मिटूनही कळते, ती गोष्ट गिटारीत कोठून येते? तार स्वतः फार थोडी हवा हलवू शकते. तिचे कंपन घोडीमार्गे पुढच्या फळीस मिळते आणि ती फळी हवेला हलवते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या ज्या भागाला तबली म्हणतात, तोच हा भाग; आम्हीही येथे तोच शब्द वापरतो. गिटारची तबली बहुधा स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडाची असते, आणि तिची जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. लाकूड हलके असूनही ताठ असावे लागते, कारण पोलादी तारांच्या गिटारीत तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. तो सोसायचा आणि तरीही थरथरायचे, अशी दुहेरी नोकरी तबलीकडे आहे. पोटातील हवेचाही एक स्वतःचा स्वर असतो. सेकंदास सुमारे १०० आंदोलनांच्या जवळपास ती हवा घुमते आणि खालच्या स्वरांना भरीवपणा देते. पाठ आणि बाजू या मुख्यतः त्या हवेला कोंडणाऱ्या भिंती होत. त्या भिंती कशाच्या आहेत यास किती महत्त्व द्यावे, एवढाच खरा वादाचा मुद्दा आहे.

या वादात सर्वांत धीट साक्ष एका स्पॅनिश सुताराची आहे. आल्मेरियाचा आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा आजच्या अभिजात गिटारचा घडणकार मानला जातो. त्याने पेटीचा आकार वाढविला, तबली पातळ केली आणि तिच्या पोटाशी पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या बसविण्याची रीत पक्की केली. १८६२ साली त्याने एक गिटार बनविली, तिची तबली स्प्रूसची. पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. नाद तबलीतून येतो हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मात्र ती वाजविण्याजोगी राहिलेली नाही.

तोरेसच्या या गिटारचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात. पण पुराव्याचे मोल नीट जोखावयास हवे. एक गिटार म्हणजे एकच उदाहरण, आणि तेही हातखंडा कारागिराचे. शिवाय तोरेसने उरलेले आयुष्य कागदाच्या गिटारी केल्या नाहीत. तो शिसव, मेपल, सायप्रस हीच लाकडे वापरीत राहिला. मग त्याचा स्वतःच्या सिद्धांतावर विश्वास नव्हता काय? आम्हांस तसे वाटत नाही. कागदाची पाठ दमट हवेत, प्रवासात आणि ग्राहकाच्या नजरेत टिकणारी नव्हे. पाठ नादासाठी दुय्यम असली तरी वाद्याच्या आयुष्यासाठी दुय्यम नाही. या दोन गोष्टींची गल्लत करण्यातून निम्मा वाद उपजला आहे.

उलट पक्षाचे म्हणणेही फेटाळण्याजोगे नाही. शिसवीची सुटी फळी कोपऱ्यात चिमटीत धरून बोटाने टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते. महोगनीची लवकर गप्प होते. शिसवीत कंपन रेंगाळते हे मोजमापानेही खरे आहे, आणि कारागीर अशा टिचकीवरूनच फळ्या निवडतात. त्यांच्या कानांचा अवमान करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु चिमटीत लटकणारी फळी आणि चारी बाजूंनी सरसाने जखडलेली, वर वादकाच्या पोटाशी दाबलेली पाठ यांत फार अंतर आहे. वादकाचा सदराच तिचे अर्धे बोलणे थांबवितो.

मग निकाल कसा लावावयाचा? इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तो प्रयत्न केला आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉजर बकनॉल या अनुभवी कारागिराने सहा गिटारी शक्य तितक्या एकसारख्या बनविल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा होता : ब्राझीलचा शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे चढवून वाजविल्या. त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच होते. काहींची आणखी एक चाचणी झाली, तीत केवळ नादावरून वा स्पर्शावरून दोन गिटारी वेगळ्या ओळखणेही त्यांना सोपे गेले नाही. स्वस्त लाकडाची आणि अतिदुर्मिळ लाकडाची गिटार अंधारात एकाच पंक्तीला बसल्या!

या प्रयोगाने सारे संपले असे म्हणणारे मात्र उतावीळ आहेत. एका कारागिराच्या, एका घाटाच्या, पोलादी तारांच्या सहा गिटारींवरून सर्व गिटारींविषयी बोलता येत नाही. त्याने इतकेच सिद्ध केले की बाकी सर्व समान ठेवले तर पाठीचे लाकूड फार थोडे बोलते. आणि बाजारात बाकी सर्व कधीच समान नसते. महाग लाकूड बहुधा अधिक कुशल हाताकडे जाते, त्यास चांगली तबली मिळते. मग त्या तबलीचे आणि त्या हाताचे श्रेय पाठ घेऊन जाते. अमेरिकेतील बॉब टेलर यांनी १९९५ साली माल वाहून नेण्याच्या टाकाऊ लाकडी चौकटींच्या फळ्यांची गिटार बनवून हेच दाखविले. त्यात जाहिरातीची हुशारी होती हे उघड आहे. पण म्हणून गिटार खोटी ठरत नाही.

डोळ्यांनी ऐकण्याची ही सवय किती महाग पडते, हे शिसवाच्या इतिहासात दिसते. ब्राझीलच्या शिसवाची थोरवी इतकी गाजली की १९९२ साली त्या झाडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वांत कडक बंदी आली. त्यापूर्वीच, १९६९ साली, अमेरिकेतील मार्टिन कंपनीने ते लाकूड मिळेनासे झाल्याने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव पत्करला. म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा, आपल्या जुन्या घरांतील पलंगांत आणि कपाटांत ओळखीचा असलेला शिसव! आरंभी पर्याय म्हणून आलेले हे लाकूड पुढे स्वतःच प्रतिष्ठेचे झाले, आणि त्याच्याही नावे विशेषणे तयार झाली. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या साऱ्या जातींवर परवान्याचे बंधन आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ साली सूट मिळाली. शिसवाचे झाड पक्व होण्यास माणसाचे आयुष्य अपुरे पडते. अंधारात ओळखू न येणाऱ्या गुणासाठी ते तोडावे काय, हा प्रश्न कारागिरांस विचारला जातो. तो ग्राहकांस अधिक विचारावयास हवा.

आमची मुख्य तक्रार वेगळीच आहे. लाकडाच्या या गदारोळात तारांचा आणि हाताचा विसर पडतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अभिजात गिटारला आतड्याच्या तारा असत. युद्धात त्यांचा तुटवडा पडला आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा रूढ केल्या. आन्द्रेस सेगोव्हियासारख्या वादकाने त्या स्वीकारल्या. एकही झाड न बदलता जगभरच्या गिटारींचा नाद पालटला.

आणि हात? त्याचा वाद तर लाकडाच्या वादाहून जुना आहे. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) यांस नखांनी तार छेडणे मानवत नसे. बोटाच्या मांसल टोकाचा नाद त्यांस हवा होता. त्यांचे स्नेही दिओनिसियो आग्वादो (१७८४–१८४९) नखे वापरीत. सोर यांनी १८३० च्या आपल्या ग्रंथात नखांविषयी नापसंती नोंदविली, पण आग्वादोंच्या वादनाचे कौतुक करण्यात हात आखडता घेतला नाही. मतभेदाची ही रीत आम्हांस फार भावते. सोर यांनी दोघांनी मिळून वाजविण्यासाठी 'दोन मित्र' या नावाची रचनाही केली. आग्वादो आणखी एक पाऊल पुढे गेले : वादकाच्या शरीराने पाठीचा नाद दबतो म्हणून त्यांनी गिटार टेकविण्यासाठी तिपाई बनविली. पुढे फ्रान्सिस्को तारेगा यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नखे कापून टाकली आणि त्यांचे शिष्य एमिलियो पुजोल तोच मार्ग चालले. सेगोव्हियांनी मात्र नखे राखली. आज बहुसंख्य अभिजात वादक नखे राखतात. नखास कानशीने किंचित वेगळा उतार दिला तरी नाद बदलतो, आणि तो फरक काळा चष्मा लावूनही ऐकू येतो.

तेव्हा दुकानात पाठीच्या लाकडाचे नाव विचारण्यापूर्वी तबली अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची, हे विचारावे. पैसे बेताचे असतील तर अखंड स्प्रूसची तबली आणि प्लायवूडची पाठ हा सौदा वाईट नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत अशी पाठ अखंड लाकडापेक्षा कमी कुरकुर करते. उरलेल्या पैशांतून तारांचे दोन-तीन संच घ्यावेत. खाऱ्या वाऱ्याने पोलादी तारा लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारांवर ब्राझीलचा शिसवही मुका होतो. पावसाळ्यात तबली ओल धरून फुगते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि लहान बोटे दुखू लागतात; त्या चार महिन्यांत गिटार भिंतीला टांगून न ठेवता बंद पेटीत ठेवावी.