वाल्पराई : चहा जिथे संपतो तिथे

वाल्पराईची हिरवाई पाहिल्याबरोबर सगळी कळल्यासारखी वाटते. तमिळनाडूच्या कोइम्बतूर जिल्ह्यातलं, अनामलाई डोंगरातलं हे पठार सुमारे साडेतीन हजार फूट उंचीवर आहे. आळियार धरण मागे टाकून ४० वळणांचा घाट चढून वर आलं की नजर जाईल तिथवर चहाच चहा. फोटो निघतात, मन भरतं, आणि बहुतेक प्रवासी तेवढ्यावर परततात. खरं तर वाल्पराई वाचायची ती तिच्या कडांवरून, जिथे चहा संपतो आणि रान सुरू होतं तिथून.

आधी चहाच पाहा. हे झुडूप मोकळं सोडलं तर त्याचा चांगला उंच वृक्ष होतो. सतत खुडून आणि ठरावीक वर्षांनी छाटून ते कमरेइतकं ठेवलेलं असतं. उतारांवर दिसणारी ती नागमोडी नक्षी म्हणजे खुडणाऱ्यांना चालायला ठेवलेल्या वाटा. त्यामुळे इथला गुळगुळीतपणा निसर्गाचा नाही, तो बायाबापड्यांच्या हातांचा आहे. मधूनच सरळसोट उभे असलेले सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियाचे, सावलीसाठी लावलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथलं सदाहरित जंगल तोडून हे मळे उभे राहिले. हे ठाऊक असूनही ती नक्षी सुंदर वाटतेच. पण ते ठाऊक झाल्यावर डोळा आपोआप उरलेलं रान शोधू लागतो.

आणि ते सापडतं. मळ्यांच्या मध्येच कुठे ओढ्याच्या काठाने, कुठे टेकडीच्या माथ्यावर जुन्या जंगलाचे तुकडे तगून आहेत. चहाचा एकसुरी पोपटी रंग तिथे अचानक तुटतो. गडद हिरवा, तांबूस पालवी, राखाडी खोडं, वेलींची गुंतवळ, सगळं एकावर एक चढलेलं. चहाच्या उतारावर नजर घरंगळत जाते, इथे ती अडते. या दोन पोतांची शेजारी म्हणून झालेली गाठ हेच वाल्पराईचं वैशिष्ट्य. मुन्नारचं चहाचं दृश्य अधिक भव्य असेल, पण अशी गाठ मला वाल्पराईत अधिक जवळून भेटते.

पुदुतोट्टम मळ्याच्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडं दिसतात. काळं अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. हा प्राणी जगात फक्त पश्चिम घाटात आहे. तो मूळचा उंच फांद्यांवरचा. रस्त्याने झाडांची सलगता तोडल्यावर त्याला जमिनीवर उतरावं लागलं. आता काही ठिकाणी रस्त्यावरून झाडाझाडांत पूल टांगले आहेत आणि माकडं ते वापरतात. भीमाशंकरचा आपला शेकरू इथेही भेटतो, पाठीवर काळा रंग जरा अधिक घेऊन. आणि महाधनेश उडतो तेव्हा तो दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा घोंघाट ऐकू येतो. त्याची मादी घरट्यासाठी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फळं आणून भरवतो. रानाचा एक तुकडा गेला म्हणजे अशा ढोल्या गेल्या.

मला सर्वांत भावते ती मात्र रात्रीची एक खूण. हत्ती दिवसा नदीकाठच्या झाडीत थांबतात आणि अंधार पडला की मळ्यांतून, कामगारांच्या चाळींजवळून पुढे जातात. पूर्वी कामावरून किंवा बाजारातून परतणाऱ्या माणसाची अंधारात त्यांच्याशी अवचित गाठ पडे, आणि जीव जात. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी वनखातं, मळेवाले आणि रहिवासी यांना सोबत घेऊन इशाऱ्याची एक साधी रीत बसवली. हत्ती जवळपास असले की मोबाइलवर संदेश जातात, स्थानिक केबलवर पट्टी फिरते आणि ठरावीक जागी खांबावर लाल दिवा लुकलुकतो. हा दिवा आजूबाजूची माणसंच मोबाइलवरून लावू शकतात. त्याला पाहून माणसं वाट बदलतात किंवा थांबतात. हत्तीला हाकलायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं, हा विचार त्या इवल्या दिव्यात आहे. चहाच्या नक्षीइतकंच ते देखणं काम आहे.

याच संस्थेच्या रोपवाटिकेत स्थानिक झाडांची रोपं वाढवून रानाचे विरळ झालेले तुकडे पुन्हा भरले जातात. फार सावकाश चालणारं काम आहे हे, म्हणूनच ते पाहावं.

वाल्पराईला जाल तेव्हा चहाचे फोटो जरूर काढा, पण निदान एक सकाळ रानाच्या कडेला शांत उभे राहा. पुदुतोट्टममध्ये गाडी हळू चालवा. माकडांना बिस्किटं, केळी काहीही देऊ नका. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. आणि रात्री कुठे लाल दिवा लुकलुकताना दिसला, तर थांबा. रस्ता तेवढा वेळ हत्तींचा आहे.